सोलापूरच्या माळावरचे लांडगे : "आणून सोडले" की इथलेच?

माळकरी_उत्तर (धागाकर्ता)

उत्तर सोलापूर, मोहोळ, बार्शी या पट्ट्यातल्या गावोगावच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एकच मजकूर फिरतोय : "वन खात्याने रात्री गाडीतून लांडगे आणून माळावर सोडले, शेळ्यामेंढ्या आणि लेकरं सांभाळा." सोबतचा व्हिडिओ असतो उत्तर प्रदेशातल्या बहराइचचा, २०२४ सालचा. तिथली मातीसुद्धा आपल्यासारखी नाही, पण तेवढं बघतो कोण?

माझं मत असं की लांडगा आपल्या जिल्ह्यातून कधी गेलाच नव्हता. पण म्हणून गावातल्या माणसाला वेड्यात काढून भागणार नाही. लोकांचा विश्वास का बसत नाही, हा माझ्या दृष्टीने मोठा प्रश्न. दुसरा असा की मेंढपाळाचं नुकसान खरोखर कमी करायचं तर काय करता येतं. जाणकारांनी नेमकं लिहावं. "निसर्गाचा समतोल" वगैरे शाळेच्या निबंधातलं नको.

---

सात_रस्ता

लांडगा आला रे आला! धागा शंभरी गाठणार. शेंगाचटणी आणि कडक भाकरी घेऊन बसलोय.

---

मेंढका_सांगोला

सोडले का चालत आले, आमाला काय करायचंय बे. कोकरू गेलं की गेलं. शहरातली माणसं फोटो काढायला येतेत आणि "किती देखणा" म्हणायलेत. आयजीच्या जिवावर बायजी उदार.

नुकसान कधी होतं ते तेवढं लिवतो. एक, पहाटं, चार ते सहाच्या दरम्यान. दोन, दिवस मावळताना खांड (मेंढरांचा कळप) तळाकडं वळतं तवा, मागं रेंगाळणारी लंगडी, गाभण न्हाईतर आजारी मेंढी. तीन, पावसाची झड लागल्यावर. कुत्री आडोशाला जातेत, माणूस घोंगडं पांघरून बसतो, वारं उलटं असतं. एक लांडगा पुढनं दिसतो, कुत्री त्याच्यामागं पळतेत आणि दुसरा मागनं कोकरू उचलतो. हे समद्या धनगरास्नी ठाऊक हाय, त्याला शास्त्रज्ञ कशाला पायजे.

---

गवताळ

मेंढकादादांशी शंभर टक्के सहमत. शास्त्रज्ञांनाही हे मेंढपाळांकडूनच कळलं आहे.

आता "कधी गेलाच नव्हता" याबद्दल. इंग्रजांच्या काळात लांडगा मारणाऱ्याला सरकारी बक्षीस मिळायचं. १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत देशभरात सुमारे दोन लाख लांडगे बक्षिसापायी मारले गेले, असा इतिहासकारांचा हिशेब आहे. तरीही तो टिकला, आणि टिकला तो दख्खनच्या माळांसारख्या जागी, जिथे शेळ्यामेंढ्या होत्या. नान्नजच्या माळढोक पक्ष्याच्या अभयारण्यात १९९० च्या दशकात अलीगढ विद्यापीठाच्या सतीश कुमार यांनी लांडग्यांचा दीर्घ अभ्यास केला. म्हणजे तेव्हा तिथे अभ्यास करण्याइतके लांडगे होतेच. संपूर्ण देशात आज प्रौढ लांडगे तीन हजारांच्या आसपास आहेत, वाघांपेक्षा जास्त तर नाहीतच. २०२१ मध्ये जनुकीय अभ्यासातून असंही दिसलं की भारतीय लांडगा हा जगातल्या लांडग्यांच्या सर्वांत जुन्या वंशशाखांपैकी एक आहे.

मग "वाढले" असं का वाटतं? टोळीत चार-सहा जनावरं असतात आणि एका टोळीचा वावर साधारण दीड-दोनशे चौरस किलोमीटरचा. तेवढ्या भागात वीस-पंचवीस गावं सहज येतात. एकच टोळी आज मार्डीला, परवा कारंब्याला दिसली की दोन गावांत दोन टोळ्या मोजल्या जातात. त्यात आता प्रत्येकाच्या हातात कॅमेरा. शिवाय माळ कमी झालाय. बोअर घेऊन ऊस आणि द्राक्ष आली, सोलर प्लांटची कुंपणं आली, रस्ते चौपदरी झाले. आधी जो घळीत दिवस काढायचा तो आता बांधावर दिसतो.

---

बेरकी_बार्शीकर

>> लांडगा कधी गेलाच नव्हता

बरं. आणि वाघ? डिसेंबर २०२४ ला येडशीच्या रामलिंग अभयारण्यात आणि आमच्या बार्शी तालुक्यात वाघ निघाला. कुठला, तर टिपेश्वरचा. यवतमाळ जिल्ह्यातून चारशेहून अधिक किलोमीटर चालत आला म्हणे. रेल्वे, महामार्ग, गावं ओलांडून. लोक हसणार नाहीत तर काय? पकडायला पथकं आली आणि हात हलवत गेली.

दुसरं, "वन खातं जनावरं आणून सोडत नाही" हे कुणी छातीठोकपणे सांगू नये. जुन्नरला २००१ नंतर दोन-तीन वर्षं बिबटे पकडून दुसरीकडे सोडलेच होते ना? मग लोकांना संशय आला तर चूक कुणाची?

---

गवताळ

जुन्नरचा मुद्दा अगदी बरोबर, आणि तो दडपण्यात अर्थ नाही. तिथे पकडलेले बिबटे लांब नेऊन सोडले. परिणाम असा झाला की माणसांवरचे हल्ले कमी व्हायच्या ऐवजी वाढले. सोडलेल्या जागेच्या आसपासही वाढले. अनोळखी मुलूख, पिंजऱ्यातला ताण, आणि मूळ जागी रिकाम्या झालेल्या हद्दीत नवा बिबट्या हजर. त्यानंतर २०११ च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत असं उचलून दुसरीकडे सोडणं टाळा असं आलं.

वाघाचं मात्र सिद्ध झालंय. प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे असतात, बोटांच्या ठशासारखे. येडशीच्या ट्रॅप कॅमेऱ्यातले पट्टे टिपेश्वरच्या जुन्या फोटोंशी जुळवून तो ओळखला गेला. लांडग्याला पट्टे नाहीत, त्यामुळे तशी खात्री फोटोवरून देता येत नाही. विष्ठेतून किंवा केसांतून डीएनए काढता येतो, पण तो अहवाल ग्रामपंचायतीच्या फळ्यावर कधी लागत नाही. अफवा तिथेच फोफावते.

---

कडक_भाकरी

अजून एक कारण आहे. पुणे भागात उसात किंवा बिळात सापडलेली पिल्लं लोक उचलून आणतात, मग वन खातं आणि बचाव करणाऱ्या संस्था ती पिल्लं रात्री त्याच जागी पेटीत ठेवून आईची वाट बघतात. रात्री, गाडी, पेटी, पेटीतून लांडग्याची पिल्लं! लांबून बघणाऱ्याला दुसरं काय वाटणार? आईकडे परत सोपवणं आणि बाहेरून आणून सोडणं यातला फरक कुणी गावात आधी सांगितला तर ना.

---

म्युनिककर_मूळ_सोलापूर

गंमत म्हणजे हीच अफवा इकडे जर्मनीत आहे. सन २००० मध्ये पूर्वेकडच्या सॅक्सनी राज्यात दीडशेच्या आसपास वर्षांनी पहिल्यांदा रानटी लांडग्यांना पिल्लं झाली. लांडगे पोलंडमधून आपल्या पायांनी आले होते, पण आजही लोक "कारच्या डिकीतून आणले" म्हणतात. फ्रान्समध्ये १९९२ ला इटलीकडून लांडगे आल्प्स पर्वतात पोहोचले, तर तिथे "कुणी सोडले का" यावर पुढे संसदेची चौकशी समिती बसली.

जिथे खरोखर सोडले तिथे ते जाहीरपणे सोडले. अमेरिकेत यलोस्टोनमध्ये १९९५ आणि १९९६ ला कॅनडातून ३१ लांडगे आणले. कोलोरॅडोत २०२० ला लोकांचं मतदान घेतलं, ते अगदी थोड्या फरकाने मंजूर झालं आणि डिसेंबर २०२३ मध्ये पहिले दहा सोडले. शहरांनी बाजूने मत दिलं, गुरं पाळणाऱ्या तालुक्यांनी विरोधात. मेंढकादादांची म्हण तिथेही लागू पडते.

---

सात_रस्ता

म्हणजे आयजी-बायजी कोलोरॅडोतही आहेत. बरं वाटलं.

---

मेंढका_सांगोला

मतदान राहू द्या. भरपाईचं बोला.

---

कागदपत्र_कुलकर्णी

बोलतो. लांडग्याने मारल्यास भरपाई मिळते. सध्याच्या दरांप्रमाणे शेळी-मेंढीसाठी बाजारभावाच्या ७५ टक्के किंवा १५,००० रुपये, यांपैकी जी रक्कम कमी ती. गाय, बैल, म्हैस असेल तर ७५ टक्के किंवा ७०,०००, यांपैकी कमी.

क्रम असा ठेवा. घटना कळल्यापासून ४८ तासांच्या आत जवळच्या वनरक्षकाला, वनपालाला किंवा परिक्षेत्र कार्यालयात कळवायचं. फोन करत असाल तर वन खात्याच्या १९२६ या हेल्पलाइनवर करा, म्हणजे तक्रारीची नोंद राहते; नुसतं ओळखीच्या गार्डाला सांगितलं तर वेळेचा पुरावा नसतो. मेलेलं जनावर पंचनामा होईपर्यंत जागेवरून हलवायचं नाही. सगळ्यात जास्त प्रकरणं इथेच अडकतात, कारण वास सुटतो, कुत्री येतात आणि माणूस ते ओढून टाकतो. ताडपत्री टाकून कडेने दगड ठेवा. कातडं काढू नका. फोटो काढताना पहिला लांबून घ्या, मागे ओळखीची खूण दिसेल असा : विजेचा खांब, विहीर, देऊळ. मग पूर्ण जनावर, मग जखम, मग कानातला बिल्ला. जमिनीवरचा ठसा असेल तर शेजारी काडेपेटी किंवा नाणं ठेवून काढा, आकार कळतो.

पंचनाम्याला पंच, पशुवैद्यकाचा दाखला, आधार, बँक पासबुक. कानात बारा आकडी टॅग असेल तर मालकी सिद्ध करणं सोपं जातं. आणखी एक अट लोकांना माहीत नसते : घटनेनंतर त्या परिसरात वन्यप्राणी विषाने वगैरे मेलेला आढळला तर भरपाईचं प्रकरण गोत्यात येतं. म्हणजे एकाने रागाच्या भरात मढ्यावर औषध टाकलं की आसपासच्या सगळ्यांचं नुकसान.

---

मेंढका_सांगोला

आता यातली मेख ऐका. कोकरू पाच-सात किलोचं. लांडगा ते तोंडात धरून दोन शेतं पार करतो. मागं काय राहतंय? चार थेंब रगत. "मढं दाखवा" म्हणतेत. कुठनं दाखवू?

दुसरं. आमची खांडं हिंडती. आज पंढरपूर, पुढल्या आठवड्यात मोहोळ. पंचनामा मोहोळात, पासबुक सांगोल्याचं, पैशासाठी हेलपाटे मारायला माणूस कुठला. तळ हालला की प्रकरण मेलं.

तिसरं, माडग्याळी मेंढीचा भाव काय हाय ते आटपाडीच्या बाजारात जाऊन बघा. चांगल्या नराला लाखात बोली लागती. पंधरा हजारात त्याचं शेपूट येतंय.

---

कागदपत्र_कुलकर्णी

तिसऱ्या मुद्द्याचं गणित : बाजारभाव १२,००० असेल तर ७५ टक्क्यांनी ९,००० मिळतात, ठीक आहे. भाव २०,००० झाला की बरोबर १५,००० ला मर्यादा लागते. त्यापुढे जनावर कितीही किमती असो, आकडा तोच. दख्खनी मेंढीला आणि साध्या उस्मानाबादी शेळीला हा नियम बऱ्यापैकी पुरतो, माडग्याळ पाळणाऱ्याला नाही. किमती नरांचा विमा काढणं हाच मार्ग, आणि त्यालाही टॅग लागतो.

कोकराबद्दल तुमचं म्हणणं खरं आहे. अवशेष नसले की दाखला देता येत नाही. तरी लगेच कळवलं आणि रक्ताचा माग, ओढल्याची खूण, लोकर, ठसे असं ताजं असताना पंचनाम्यात आलं तर निदान नोंद होते. आज नोंदी नाहीत म्हणून "तिकडे नुकसानच नाही" असं कागदावर दिसतं.

---

गुरांचा_डॉक्टर

पंचनाम्यात सगळ्यात मोठा घोळ "मारलं कुणी" यावर होतो. भटक्या कुत्र्यांनी मारलं तर वन खात्याची भरपाई नाही, त्यामुळे प्रत्येक जण लांडगाच सांगतो. मग वनरक्षक खऱ्या लांडग्यालाही कुत्रं म्हणून बसतो. दोन्हीकडून अविश्वास.

फरक असा बघतात. लांडगा मेंढीला बहुतेक वेळा गळ्याला किंवा मानेला धरतो, जखमा थोड्या आणि खोल असतात. मोठ्या जनावराला मागच्या मांडीलाही धरतो. कुत्र्यांच्या टोळीने धरलं तर चावे विखुरलेले असतात : कान, शेपूट, मांड्या, पोट, सगळीकडे फाडाफाड, खाल्लेलं मात्र थोडं. बिबट्या गळा दाबतो आणि ओढत आडोशाला नेतो. तरस बहुतेक मेलेलंच खातं, हाडं फोडतं.

जनावर आधीच मेलेलं होतं आणि नंतर कुणी खाल्लं, हे ओळखायला मानेवरचं कातडं सोलून आतून बघायचं. जिवंतपणी चावलं असेल तर दातांच्या भोकांभोवती कातड्याखाली रक्त साकळलेलं, काळंनिळं दिसतं. मेल्यावर चावलेलं असेल तर भोक कोरडं. हे वरून दिसत नाही, म्हणून मालकाने स्वतः कातडं काढू नये, डॉक्टर येईपर्यंत थांबावं.

ठशावरून सांगायचं तर लांडग्याचा पंजा लांबट, आठ-नऊ सेंटीमीटरच्या आसपास, मधली दोन बोटं पुढे आलेली, आणि माग सरळ रेषेत जातो. गावठी कुत्र्याचा पंजा गोलसर आणि लहान, चाल इकडेतिकडे. पण मोठ्या जातीचं कुत्रं असेल तर एका ठशावरून कुणीही छातीठोक सांगू नये. पन्नास-शंभर फूट माग बघा.

---

बेरकी_बार्शीकर

एका रात्रीत दहा मेंढ्या मारल्या आणि एकही खाल्ली नाही, असंही होतं. मग ते कुत्रंच ना?

---

गुरांचा_डॉक्टर

नाही, तसं गृहीत धरू नका. रानात हरणांचा कळप पळून जातो, एक सापडतं. वाड्यात मेंढ्या पळू शकत नाहीत, समोर धडपडत राहतात, आणि लांडग्याची पकडण्याची प्रवृत्ती थांबत नाही. त्यामुळे कोंडलेल्या जागेत तोही जास्त मारू शकतो. मानेवरच्या जखमाच खरं काय ते सांगतात.

---

अक्का_मंगळवेढेकर

इतकी चर्चा झाली पण कुत्र्यांवर कुणी बोलेना. गावाबाहेर पोल्ट्रीवाले मेलेल्या कोंबड्या टाकतात, कत्तलीचं टाकाऊ ओढ्यात जातं, त्यावर वीस-तीस कुत्र्यांची झुंड पोसली जाते. तीच रात्री शेळ्यांवर पडते. लांडगाही त्याच ढिगावर येतो. एका ठिकाणी दोघं जेवायला लागले की पुढचं संकट आलंच.

---

गवताळ

आलंय. पुणे जिल्ह्यातल्या माळावर वेगळ्याच रंगाची जनावरं दिसत होती, त्यांच्या जनुकीय तपासणीत कुत्रा-लांडगा संकर असल्याचं २०२३ मध्ये सिद्ध झालं. संकर झालेलं जनावर माणसाला कमी बिचकण्याची भीती असते. शिवाय कुत्र्यांकडून डिस्टेंपर आणि रेबीज लांडग्यांत जातो. मृत कोंबड्यांना खोल खड्डा आणि चुना, आणि गावातल्या कुत्र्यांचं निर्बीजीकरण व लसीकरण, ही लांडग्यासाठीची कामं आहेत. फोटो काढण्याच्या आधीची.

---

शिवारातला

मी शेतकऱ्याच्या बाजूने बोलतो. नान्नज, मार्डी, अकोलेकाटीत ज्वारी-तूर-हरभऱ्याचं नुकसान कोण करतं? काळवीट आणि रानडुक्कर. रात्रभर राखण बसावं लागतं. लांडगा काळविटं मारतो, डुकराची पिल्लं मारतो. शेतकऱ्याला लांडगा नकोसा का असावा?

---

मेंढका_सांगोला

तुमचं पीक वाचवायला आमची मेंढरं का?

---

शिवारातला

मुद्दा मान्य. पण त्याच पिकात सुगी झाल्यावर तुमचं खांड बसवायला आम्ही धान्य आणि पैसे देतोच की. खत आम्हाला पाहिजे. मग खांड बसवणाऱ्या शेतकऱ्याने रात्रीचा एक बल्ब आणि काट्यांचं कुंपण दिलं तर त्याचं काय जातं?

---

सात_रस्ता

हे भारी आहे. धाग्यात पहिल्यांदाच कुणी कुणाला काहीतरी देऊ केलं.

---

मेंढका_सांगोला

दिलं तर घेऊ. पण वाडा कसा करायचा ते नीट लिवतो, न्हाईतर नुसता बल्ब लावून झोपतील.

तळ वढ्याच्या, घळीच्या कडंला टाकायचा न्हाई. उभ्या ज्वारीपासनं आणि उसापासनं लांब, चारी बाजूला मोकळं दिसंल असा. वाघर, म्हंजी मेंढरांभवतीची जाळी, कमरंएवढी तरी उंच, मेखा पाच-सहा फुटाला एक. वरची दोरी समदे ताणतेत, खालची कुणी ताणत न्हाई, आणि लांडगा खालनं तोंड घालतो. म्हणून खालच्या दोरीला मधी मधी मेख मारायची. वाघरीच्या बाहेर तीन-चार हात सोडून बाभळीच्या, बोरीच्या काट्यांची दुसरी रांग. ही जागा का सोडायची? लांडगा अंगाला लागला की मेंढरं बिथरून दुसऱ्या बाजूनं वाघर पाडून बाहेर पडतेत, आणि बाहेर पडली की त्याला आयतंच. रांग लांब असली की तो भिडत न्हाई, मेंढरं बिथरत न्हाईत.

कोकरं मधी, डालग्याखाली (मोठ्या टोपल्याखाली). आजारी, गाभण तिथंच. कुत्री एका बाजूला बांधून ठेवायची न्हाईत. दोन मोकळी, दोन बांधलेली, येगयेगळ्या कोपऱ्याला. मोकळ्यांच्या गळ्यात खिळ्याचा पट्टा.

---

गवताळ

अतिशय उपयोगी. त्यात एक भर : सौर बॅटरीवर चालणारे, रंग बदलत अनियमित लुकलुकणारे दिवे मिळतात. सतत एकसारखा जळणारा बल्ब लांडगा काही दिवसांत ओळखतो. लुकलुकणाऱ्याचीही सवय होते, फक्त जरा उशिरा. म्हणून दिव्याची जागा आणि उंची दर तीन-चार दिवसांनी बदलायची. हलत्या खांडाला हे जमतं, कारण तळच बदलतो. गावातल्या कायम गोठ्याला मात्र पक्की भिंत आणि छपरापर्यंत जाळी, याला पर्याय नाही.

आणि हंगाम लक्षात ठेवा. पिल्लं साधारण हिवाळ्यात होतात, गर्भकाळ दोन महिन्यांचा. जानेवारी ते एप्रिल टोळी बिळाच्या आसपास अडकलेली असते आणि पिल्लांना खाऊ घालायचं असतं. त्या काळात ओढ्याच्या दरडीत बीळ दिसलं तर तिथून कोस-दीड कोस तळ लांब ठेवा. धूर करून पिल्लं मारू नका. पिल्लं गेली तर टोळी फुटते, एकटी जनावरं सोपं भक्ष्य शोधतात, आणि सोपं भक्ष्य म्हणजे वाडा. शिवाय लांडगा हा वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मधला प्राणी आहे. शिक्षा तीन ते सात वर्षं आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर किमान २५,००० रुपये दंड.

---

संपादक_मंडळ

कृपया बिळांची नेमकी जागा, लोकेशन किंवा तसे फोटो इथे टाकू नयेत. एक प्रतिसाद त्यामुळे उडवला आहे.

---

कडक_भाकरी

हुरड्याला गेलो की लांडगा बघायला मिळतो का हो? इंदापूरला कडबनवाडीत गवताळ सफारी सुरू झालीय म्हणे.

---

सात_रस्ता

हुरडा खा, दही खा, शेंगाचटणी खा आणि घरी जा बे. लांडग्यामागं गाडी पळवायची न्हाई.

---

अक्का_मंगळवेढेकर

लेकरांचं कुणी लिहिलं नाही. आयांना भीती त्याचीच आहे.

---

गुरांचा_डॉक्टर

बरोबर. बहराइचमध्ये २०२४ ला मुलं गेली हे खरं आहे आणि १९९६ मध्येही पूर्व उत्तर प्रदेशात तसं घडलं होतं. ते नाकारून लोकांचा विश्वास मिळणार नाही. पण ती परिस्थिती काय? दाट वस्ती, दार नसलेली घरं, उघड्यावर झोपलेली लहान मुलं, आसपास हरणं जवळपास नाहीतच. आपल्या माळावर खाद्य आहे, मेंढपाळ कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या लेकरांसकट उघड्यावर तळ टाकतात. तरी लहान मुलांना रात्री तळाच्या मध्यभागी, मोठ्यांच्या मधोमध झोपवा. एकट्या लहानग्याला तिन्हीसांजेला शेळ्या वळवायला पाठवू नका.

वेगळी गोष्ट रेबीजची. भरदिवसा, वाटेत जे येईल त्याला चावत सुटलेलं, न खाणारं, न बिचकणारं जनावर म्हणजे रेबीज समजूनच वागा. जखम वाहत्या पाण्याने आणि साबणाने पंधरा मिनिटं धुवायची. हळद, चुना, मिरची काही लावायचं नाही, टाके घाईने घालायचे नाहीत. त्याच दिवशी दवाखाना. रक्त आलेल्या चाव्याला नुसती लस पुरत नाही, जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही द्यावं लागतं. ते प्राथमिक केंद्रात नसेल तर सिव्हिलला जा. सरकारी दवाखान्यात कातडीत देतात त्या लसीच्या तारखा ०, ३, ७ आणि २८. मेंढरांना चावा बसला असेल तर तेही लगेच कळवा, जनावरांनाही चाव्यानंतरची लस असते.

---

बेरकी_बार्शीकर

ठीक. माझ्या मूळ शंकेकडे येतो, कारण तीच धाग्याची मूळ शंका आहे. अविश्वास लांडग्यावर नाही, कागदावर आहे. १९७९ ला माळढोकसाठी अभयारण्य केलं, ८,४९६ चौरस किलोमीटर. सोलापूर आणि नगर जिल्ह्यांतले तालुकेच्या तालुके, गावं, शहरं, शेतं, सगळं नकाशात. जमीन विकायची, तारण ठेवायची, कारखाना काढायचा, सगळीकडे नाहरकत. ते कमी होऊन १,२२२ चौरस किलोमीटरवर यायला तीन दशकं गेली. तोवर माळढोकच संपत आला. बोरामणीच्या विमानतळाचं घोंगडं आजही भिजत आहे, त्यातही माळढोकचं नाव. आता लांडग्याचं कौतुक सुरू झालं की शेतकरी म्हणतो, "हं, आता लांडग्याचं अभयारण्य येणार." त्याला अफवा लागतच नाही.

---

माळकरी_उत्तर

या प्रतिसादासाठी धागा काढल्याचं सार्थक झालं. हेच मला नीट मांडता येत नव्हतं.

---

गवताळ

बेरकी, इतिहास बरोबर आहे. पण लांडग्याला त्या पद्धतीचं अभयारण्य उपयोगीच नाही. दीडशे चौरस किलोमीटर फिरणाऱ्या टोळीला कुंपणाचे प्लॉट कसे पुरणार? देशात खास लांडग्याचं जुनं अभयारण्य एकच, झारखंडचं महुआडांड, १९७६ चं. कर्नाटकात कोप्पळ जिल्ह्यात बंकापूरला आता केलं, तेही साडेतीनशे हेक्टरच्या आतलं. आपला लांडगा खासगी पडीक, गायरान आणि वनखात्याचे तुकडे यांच्यावर जगतो. त्याला पवन्या, मारवेल, कुसळी या गवतांचा माळ आणि त्यावर चरणारी मेंढरं दोन्ही पाहिजेत. मेंढपाळाला चराईबंदी करून लांडगा वाचणार नाही.

वन खात्याने स्वतःच माळावर ग्लिरिसिडियाची झाडं लावून गवत मारलं, ही टीका मात्र मी पहिल्यांदा करेन. "पडीक" अशी नोंद असल्यामुळे माळ म्हणजे झाडं लावायची जागा, असं सगळ्या योजनांनी धरलं.

---

मेंढका_सांगोला

हे बोललात ते पटलं. आमच्या म्हाताऱ्या माणसांनी लांडग्याचा वाटा धरलेलाच असायचा. पण वाटा द्यायला चराई पायजे. कुरण बंद, झाडं लावलेली, वर दंडाची पावती, आणि वाटा पण आमीच द्यायचा? एवढंच हाय.

---

कागदपत्र_कुलकर्णी

मग एक काम करता येईल. १९२६ नंबर, ४८ तास, मढं न हलवणं, फोटो कसे काढायचे, कुत्रा-लांडगा जखमांतला फरक आणि चाव्यावरचे उपाय, हे सगळं एका पानात. ग्रामपंचायत, दूध डेअरी आणि जनावरांच्या बाजाराच्या फाटकावर लावायचं. हलत्या खांडासाठी मोहोळ-पंढरपूर-सांगोला या तिन्हीकडच्या परिक्षेत्र कार्यालयांचे नंबर त्याच पानावर. मजकूर मी करतो, जखमांचा भाग डॉक्टरांनी तपासावा.

---

गुरांचा_डॉक्टर

तपासतो. जखमांची चित्रं रेषांची काढा, फोटो झेरॉक्समध्ये नुसते काळे येतात.

---

अक्का_मंगळवेढेकर

अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूरसाठी मागच्या बाजूला कन्नडमध्ये छापा. तिकडची बरीच मेंढपाळ मंडळी मराठी बोलतात, पण वाचतात कन्नड.